या पाडव्याचा जंत, त्या पाडव्याला खाज

दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातून घोडी आणली. अंगानं भरलेली, कातडी तुकतुकीत, शेपूट पार खुरांपर्यंत. चार दिवस दारात बांधून कौतुक झालं आणि मग गावाबाहेरच्या गायरानात इतरांच्या घोड्यांबरोबर सोडली. थंडी सरली, शिमगा झाला आणि गुढीपाडव्याच्या तोंडावर घोडी शेपूट घासायला लागली. भिंत दिसली की भिंतीला, विजेचा खांब दिसला की खांबाला. आठ-दहा दिवसांत शेपटीच्या बुडख्यावरचे केस तुटून जुन्या कुंच्यासारखे उभे राहिले. मालक शेजाऱ्याकडे बोट दाखवतो, ‘तुझ्या घोड्याबरोबर चरायला सोडली आणि हे दुखणं लागलं. परवापर्यंत चांगली होती.’

परवापर्यंत नव्हती. दिवाळी पाडव्यालाच तिच्या पोटात जंताचं अंडं गेलेलं होतं.

घोड्यांच्या या जंताला डॉक्टर पिनवर्म म्हणतात, शास्त्रीय नाव ऑक्सियुरिस इक्वाय. त्याचं अंडं घोड्याच्या तोंडातून पोटात गेल्यापासून त्याच घोड्याच्या गुदद्वाराशी नवी अंडी दिसेपर्यंत साधारण पाच महिने जातात. कार्तिक शुद्ध प्रतिपदा ते चैत्र शुद्ध प्रतिपदा मोजा, बरोबर पाच महिने. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या घोडेवाल्यांना मी हाच हिशेब सांगत असे: या पाडव्याचा जंत, त्या पाडव्याला खाज. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की गायरानातली निम्मी भांडणं मिटतात, कारण आज खाजवणाऱ्या घोड्याला आजच्या सोबत्यानं काही दिलेलं नसतं. उलट आज खाजवणारा घोडा आज वाटत असतो, आणि ते वाटप पुढच्या सणाला दिसणार असतं.

जंत पोटात काय करतो ते थोडक्यात. अंड्यातली अळी मोठ्या आतड्यात उतरते, काही काळ आतड्याच्या अस्तरात राहते आणि सावकाश वाढते. नर जेमतेम एक सेंटिमीटरचा, कुणाच्या नजरेला पडत नाही. मादी मात्र दहा ते पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढते. करडी-पांढरी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला चाबकाच्या वादीसारखी निमुळती. कधीतरी लिदीत ती सापडते आणि मालक कागदाच्या पुडीत घालून दवाखान्यात आणतो. एरवी तिचं काम रात्रीचं. ती गुदद्वारापर्यंत येते आणि बाहेरच्या कातडीवर अंड्यांचा चिकट, पिवळसर-करडा लेप लावून जाते. एका मादीची अंडी आठ हजारांपासून साठ हजारांपर्यंत. लेप वाळतो, कातडी ओढली जाते, घोड्याला असह्य खाज सुटते. तो मागचा भाग जिथं घासेल तिथं त्या लेपाच्या खपल्या पडतात. चार-पाच दिवसांत त्या खपल्यांमधलं अंडं दुसऱ्या घोड्याला लागण करायला तयार होतं.

आता इथं थांबून एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घोड्याचे बाकीचे बहुतेक जंत लिदीतून गवतावर जातात. हा जंत लिदीपेक्षा जास्त कातडीवरून जातो. म्हणजे सामायिक गायरानात धोक्याची जागा केवळ चरायचं गवत नव्हे. घासायचं झाड, पाण्याच्या हौदाचा कठडा, एकाच्या तोंडावरून काढून दुसऱ्याच्या तोंडाला बांधलेला तोबरा, आणि सगळ्यांत मोठा चोर म्हणजे खरारा करून झाल्यावर ज्यानं आधी शेपटीखालचं आणि मग तोंडावरचं पुसतात ते एकच फडकं.

पंढरपूर तालुक्यातल्या एका गावाबाहेरची बाभळ मला अजून आठवते. गायरान मोठं, पण झाड एकच. माणसाच्या छातीच्या उंचीवर तिची साल दोन वितींभर घासून गुळगुळीत झाली होती, खोगिराच्या चामड्यासारखी. सालीच्या भेगांत केस अडकलेले. काळे, तांबडे, दोन-चार पांढरे. केसांवरून कुणाकुणाचा घोडा येऊन गेला ते सांगता आलं असतं. खाली सावलीत लीद, वाळलेला कडबा आणि तोच कडबा उपसत उभं एक शिंगरू. चार मालकांचे मिळून नऊ घोडे तिथं चरत. चौघांनीही औषध दिलेलं होतं. एकानं श्रावणात, दुसऱ्यानं दसऱ्याला, तिसऱ्यानं घोडी खाजवायला लागल्यावर, चौथ्यानं दोनदा. चौघांचीही तक्रार एकच, औषध नकली निघालं. औषध बहुधा चांगलं होतं. बाभळ कुणी धुतली नव्हती.

उपचाराआधी मात्र खाज जंताचीच आहे ना, हे बघायला हवं. शेपूट घासणारा प्रत्येक घोडा जंताचा नसतो. पावसाळ्यात आणि ओढ्याकाठच्या चराईवर अगदी बारीक चिलटं चावून काही घोड्यांना वावडं येतं. असा घोडा शेपटीबरोबर आयाळही घासतो, मानेच्या कण्यावर खपल्या धरतो, आणि चिलटांचा हंगाम सरला की आपोआप निवळतो. उवा झालेल्या घोड्याच्या केसांत बोटं घालून उन्हात बघितलं तर उवा दिसतात. खरूज असेल तर पाय आणि अंगही खाजतं. घोडीच्या सडांमधल्या खाचेत काळा मळ साठला, किंवा घोड्याची लिंगाची पिशवी महिनोन्‌महिने धुतली नाही, तरी तो मागचा भाग घासतो. हे तपासायला लोक संकोचतात आणि महागाची औषधं घालत बसतात. पिनवर्मची खाज सहसा एकाच जागी, शेपटीचं मूळ आणि त्याखालचा भाग. आयाळ शाबूत असते.

याच टप्प्यावर एक जिवावरची चूक होते. घरात गुरांच्या गोचिडांसाठी आणलेली बाटली असते. ‘खाज आहे, किडा असेल’ म्हणून ते औषध पाण्यात मिसळून घोड्याला लावतात. त्या बाटलीवर अमिट्राझ लिहिलेलं असेल तर ती घोड्याच्या जवळही आणू नका. गाईला, मेंढीला चालणारं हे औषध घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबवतं, लीद अडकते आणि पोटशूळ उठतो. शेपटीची खाज घोड्याला मारत नाही, हे औषध मारू शकतं. गाडीचं काळं ऑइल, रॉकेल, तंबाखूचं पाणी हेही शेपटीखाली लावलेलं मी पाहिलं आहे. तिथली कातडी आधीच सोललेली असते, ती भाजून निघते आणि पावसाळ्यात त्या जखमेत अळ्या पडतात.

पिनवर्म ओळखायची खात्रीची परीक्षा फारच स्वस्त आहे. स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक चिकटपट्टी. सकाळी, खरारा करायच्या आणि धुवायच्या आधी, शेपूट एका हातानं उचलून बोटभर लांबीची पट्टी गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर चिकट बाजूनं दाबायची, काढायची, परत थोडी बाजूला दाबायची. मग ती काचपट्टीवर सपाट चिकटवायची. काचपट्टी दवाखान्यातून आदल्या दिवशी मागून आणा. घोड्याच्या मागं सरळ उभं राहू नका, मांडीला चिकटून कडेला राहा, आणि लाथ मारणाऱ्या जनावराचा पुढचा पाय सोबत्याला उचलून धरायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं चटकन ओळखू येतं. एक बाजू फुगीर, एक बाजू चपटी आणि एका टोकाला बुचासारखं झाकण. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही तर आणखी दोन सकाळी पट्टी घ्या, मादी रोज येत नाही. लीद तपासून हा जंत बऱ्याचदा सापडत नाही, कारण अंडी बहुतेक लिदीत नसतात, कातडीवर असतात. ‘लीद तपासली, जंत नाही’ असा कागद हातात असूनही घोडा खाजवत असेल तर त्या कागदावर विसंबू नका, पट्टी लावा.

लीद तपासायचीच नाही असं मात्र नाही. किंबहुना ती तपासण्याचं खरं कारण वेगळं आहे. पिनवर्म मालकाला दिसतो, कारण तो शेपूट बिघडवतो. सामायिक चराईवरचे आतड्यातले दुसरे जंत, लहान-मोठे स्ट्राँगाइल, दिसत नाहीत आणि तेच घोडा खंगवतात. मोठ्या स्ट्राँगाइलच्या अळ्या आतड्याच्या रक्तवाहिन्यांत शिरून जीवघेणा शूळ उठवतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात शेपटीसाठी गेलातच तर ताजी लीद मूठभर पिशवीत घालून न्या. एका खेपेत दोन कामं.

आता औषध. ते डॉक्टरनं लिहून द्यायचं आहे, पण तुम्हाला त्यातलं कळलेलं बरं, कारण घोटाळा बहुधा वजनात होतो. ‘असेल दोनशे किलोचा’ असं बघून सांगितलेलं वजन मला तरी क्वचितच बरोबर निघालेलं आठवतं. शिंप्याची टेप घ्या, नसेल तर सुतळी आणि फूटपट्टी. पुढच्या पायांच्या मागून, कोपरालगत, छातीचा घेर मोजा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा, आणि आलेल्या आकड्याला ११,८८० नं भागा. सगळं सेंटिमीटरमध्ये असेल तर उत्तर किलोत येतं. घेर १५०, लांबी १३० असलेलं तट्टू घ्या. १५० गुणिले १५० गुणिले १३०, भागिले ११,८८०, म्हणजे २४६ किलो. शिंगरांना हे सूत्र लागू पडत नाही.

या जंतावर फेनबेन्डाझोल चालतं, मात्रा किलोला ७.५ मिलिग्रॅम, शिंगरांना डॉक्टर १० मिलिग्रॅम धरतात. आपल्या २४६ किलोच्या तट्टाला साधारण १.८५ ग्रॅम लागतं. दुकानात १.५ ग्रॅमची गोळी मिळते. मालक एक गोळी देतो आणि काम झालं म्हणतो, पण मात्रा कमी पडलेली असते. कमी मात्रेनं जंत मरत तर नाहीतच, उलट त्या औषधाला सरावतात. दीड गोळी द्यायची की कसं, हे डॉक्टरला विचारा. या औषधात थोडं जास्त झाल्यानं बिघडत नाही, कमी दिल्यानं नक्की बिघडतं. पायरँटेल हेही या जंतावरचं जुनं औषध, मूळ औषध किलोला ६.६ मिलिग्रॅम. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम दिलं जातं, पण युरोप-अमेरिकेत गेली काही वर्षं पिनवर्मवर ते कमी पडत असल्याचे अनुभव नोंदले गेले आहेत. एकदा आयव्हरमेक्टिन देऊन पंधरा दिवसांनी पट्टीवर पुन्हा अंडी आली, तर तेच दुसऱ्यांदा देण्यापेक्षा औषधाचा गट बदला.

आणि औषध द्यायचं ते तोंडावाटेच. मेंढरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन बिऱ्हाडातल्या तट्टाला टोचू नका. घोड्यात त्या जागी गाठ, सूज, क्वचित जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होतो. मेंढ्यांच्या पाजायच्या औषधांचंही तसंच. त्यातल्या कित्येकांत लेव्हामिसोल असतं, आणि घोड्यात त्याची चालणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत अंतर फार थोडं. सांगोला, माळशिरस, मंगळवेढा भागात मेंढरांबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी तट्टं असतात, त्यांच्या मालकांना हे मी मुद्दाम सांगतो. तुमच्या पोतडीतली औषधं मेंढीसाठी बरोबर आहेत. तट्टू मेंढी नव्हे.

गोळी बैलासारखी घशात ढकलू नका, बांबूच्या नळीनं पाजू तर मुळीच नका. घोड्याच्या श्वासनलिकेत गेलं की फुप्फुसाला सूज येते. गोळी कुटून पूड करा, ओल्या कोंड्यात गुळाच्या खड्याबरोबर कालवा, त्याच घोड्याच्या तोबऱ्यात घाला आणि तोबरा चाटून स्वच्छ होईपर्यंत जागचे हलू नका. हुशार घोडा गूळ खातो आणि पूड तळाला ठेवतो.

एवढं झाल्यावर लोक थांबतात. खरं काम इथून सुरू होतं. औषधानं पोटातले जंत मरतात, कातडीवरची, बाभळीवरची, झुलीवरची अंडी तशीच राहतात. ती घोडा दुसऱ्या दिवशी परत गिळतो, आणि पाच महिन्यांनी तुम्ही औषधवाल्याला शिव्या देता. म्हणून औषध दिलेल्या दिवसापासून निदान महिनाभर रोज सकाळी शेपटीखालचा भाग पुसायचा. जुन्या सुती धोतराचे, लुगड्याचे तळहाताएवढे तुकडे फाडून ठेवा. एक कोमट पाण्यात भिजवून गुदद्वाराभोवती, शेपटीच्या आतल्या बाजूनं, खाचेखाचेतून पुसा. तुकडा चुलीत टाका. धुऊन वाळत घालू नका, बादलीत बुडवू नका. दुसऱ्या कोरड्या तुकड्यानं टिपा, तोही चुलीत. मग व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, म्हणजे नवा लेप कातडीला घट्ट बसत नाही आणि सोललेल्या कातडीलाही आराम पडतो. हात साबणानं धुवा आणि मगच चंदी भिजवायला घ्या. चार मिनिटांचं काम. गोळी एक वेळ चुकली तर पुन्हा देता येते, पण दहा दिवस फडकं चुकलं तर महिना नव्यानं मोजा.

कापडाचा तुकडा जाळायला सांगितला की काही जणांना ते फार वाटतं. अंडी फिनेलनं मरत नाहीत, फक्त फिनेलचा वास येतो. चुन्यानं भिंत पांढरी होते, अंडी त्याखाली राहतात. ती मारतात दोन गोष्टी, उष्णता आणि कोरडेपणा. आणि त्या दोन्ही बाबतींत सोलापूरकरासारखा नशीबवान कुणी नाही. चैत्र-वैशाखात चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्या माळावर पडलेली अंडी फार तग धरत नाहीत. झूल, तोबरा, खोगिराखालचा नमदा, अगाडी-पिछाडीचे दोर, सगळं पत्र्यावर टाकून दोन-तीन दिवस उन्हं खाऊ द्या. ब्रश आणि खरारा उकळत्या पाण्यात बुडवा. भिंतीचा आणि खुंटाचा घासलेला पट्टा ताठ कुंच्यानं गरम पाणी ओतत खरवडून काढा. ऊन पोचत नाही त्या जागा मात्र विसरू नका: झाडाखालची ओल, हौदाच्या पलीकडची बाजू, अंधाऱ्या ठाणातला कोपरा. तिथं अंडी आठवडेच्या आठवडे जगतात. आपल्याकडं पाऊस सप्टेंबरात सगळ्यात जोराचा, आणि गायरानातली ओलही तेव्हाचीच. त्या दिवसांत गिळलेलं माघ-फाल्गुनात शेपटीवर येतं.

त्या बाभळीचं काय केलं, ते सांगतो. चौघा मालकांना एका संध्याकाळी हौदापाशी बसवलं. नऊही घोड्यांची टेपनं मापं घेतली, डॉक्टरनं प्रत्येकाची मात्रा लिहून दिली आणि एकाच सकाळी नऊ तोबऱ्यांतून औषध गेलं. खाजवणाऱ्यांना आणि न खाजवणाऱ्यांनाही. न खाजवणारा घोडा लागणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात असू शकतो, त्याच्या आतड्यात जंत वाढत असतो. बाभळीचा घासलेला भाग खरवडून गरम पाण्यानं धुतला आणि खोडाभोवती बोरीच्या काट्या बांधल्या. झाडाखालचा कडबा आणि वरची बोटभर माती ओढून जाळली. यापुढं कडबा जमिनीवर टाकायचा नाही, गव्हाणीत किंवा जाळीच्या पिशवीत छातीच्या उंचीवर, असं ठरलं. ज्याचा तोबरा त्याचा, आणि तोबऱ्याला रंगीत चिंधी बांधलेली, म्हणजे पोरांनी सुद्धा अदलाबदल करू नये. बांधताना एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीशी येणार नाही अशी दावण. एवढंच. एक मालक पहिल्या आठवड्यात फडक्याला कंटाळला. त्याच्या घरच्या बाईनं ते काम हातात घेतलं आणि शेवटपर्यंत नेलं.

सामायिक गायरानात आणखी एक वाद हमखास निघतो, मेंढ्यांचा. मेंढ्या येऊन गेल्या की घोड्यांना जंत होतात, असं ठामपणे सांगणारे भेटतात. पिनवर्मच्या बाबतीत हे साफ खोटं. हा जंत घोडा, गाढव आणि खेचर यांच्यातच राहतो. मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांना तो होत नाही. उलट मेंढ्या घोड्यांच्या मागून चरल्या तर गवतावरच्या स्ट्राँगाइलच्या अळ्या खाऊन संपवतात, त्या त्यांच्या पोटात जगत नाहीत. म्हणजे मेंढरांचा कळप गायरानात आला तर घोडेवाल्यानं चहा पाजावा. विटभट्टीवरची गाढवं मात्र हिशेबात धरा. त्यांना हा जंत होतो, फुप्फुसातला जंतही त्यांच्याकडून घोड्यात येतो, आणि गाढव स्वतः फारशी कुरकुर करत नाही म्हणून कुणी बघत नाही. औषधाच्या दिवशी गाढवांच्या मालकालाही बोलवा.

माणसांना हा जंत होतो का, असा प्रश्न वारीच्या दिवसांत हटकून येतो. आळंदीची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते, सदाशिवनगर, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी, बाजीरावाची विहीर इथं रिंगणं होतात आणि घोड्याच्या टापांखालची माती लोक कपाळाला लावतात. निर्धास्त राहा. लहान मुलांना रात्री खाजवायला लावणारा जंत याचा भाऊबंद असला तरी वेगळा आहे, तो माणसाचा माणसाला होतो. घोड्याचा माणसाला होत नाही. घोड्यांनी मात्र घोड्यांपासून जपावं. आषाढात पंढरपूरच्या वाटेवर कुणाचं ना कुणाचं तट्टू गर्दीत, नव्या ठाणावर, परक्या हौदावर उभं राहतं. स्वतःची बादली आणि स्वतःचा तोबरा घोड्याबरोबर न्या. आषाढी एकादशीला गिळलेलं अंडं मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आसपास शेपटीवर येईल.

आणि तेव्हा लग्नसराई भरात असते. तुळशीचं लग्न लागलं की वरातीचे घोडे मोकळे नसतात. नवरदेवाच्या घोडीचं शेपूट उंदरानं कुरतडल्यासारखं असेल तर सुपारी देणारा भाव पाडतो, किंवा सरळ दुसरी घोडी बघतो. शेपटीचे केस परत पुरे वाढायला फार काळ लागतो. ज्यांना जंतांच्या शास्त्रात रस नसतो त्यांना मी हा हिशेब सांगतो, तो लगेच पटतो. मंगल कार्यालयाच्या मागं चार ठिकाणचे चार घोडे एकाच कठड्याला टेकून उभे असतात, तिथंही घोडा कठड्याकडं पाठ करून बांधू नका.

दर दोन महिन्यांनी सगळ्यांना औषध चारायचं, ही पद्धत मात्र सोडा. तिनं पैसा जातो आणि जंत पक्के होतात. मोठ्या घोड्यांची लीद पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासून, अंड्यांची संख्या बघून कुणाला द्यायचं ते ठरवा. दर ग्रॅम लिदीत दोनशेच्या आत अंडी असलेल्या मोठ्या घोड्याला डॉक्टर बहुधा औषध देत नाहीत. शिंगरांचं वेळापत्रक निराळं, ते डॉक्टरला विचारूनच. पिनवर्मसाठी मात्र चिकटपट्टीच. दवाखाना लांब असेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लावा.

बाजारात घोडा बघताना लोक दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात. शेपूटही उचलून बघा. विकणाऱ्यानं शेपटीची वेणी घातली असेल, बुडख्याला पट्टी गुंडाळली असेल किंवा नुकतीच मेंदी लावली असेल तर ती सोडून बघा. तुटके, आखूड, उभे केस, खालच्या कातडीवर पिवळट खपली दिसली तर घोडा सोडायचं कारण नाही, भाव उतरवायचं आहे. पंजाब, राजस्थानकडून आलेला मारवाडी असो की आपल्या भीमाकाठचा, अलीकडं स्वतंत्र जात म्हणून नोंद झालेला भीमथडी असो, नवा घोडा थेट गायरानात सोडू नका. निदान चौदा दिवस वेगळं ठाण, वेगळी बादली, वेगळं फडकं. पहिल्या तीन सकाळी चिकटपट्टी, लिदीची तपासणी, मापं घेऊन औषध, पंधराव्या दिवशी पुन्हा पट्टी. कोरी निघाली तर सोडा, पण खाज उठायची असेल तर ती अजून पाच महिने लांब असू शकते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत फाल्गुनाचं पान उलटून आत्ताच खूण करून ठेवा. पाडव्याला सकाळी घोड्याला आंघोळ घालून हार घालायची घाई असते. त्या आंघोळीच्या आधी एक पट्टी लावून घ्या.